मराठी पडद्यावरच्या जुन्या नट्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी जुन्या नट्यांची आत्मचरित्रं गोळा करतेय आणि जमतील तसे त्यांचे पिक्चर बघतेय. घरात, ऑफिसात, लग्नाकार्यात लोकांना हे कळलं की ठरलेले प्रश्न येतात. कोणाला ललिता पवारांच्या डोळ्याचं जाणून घ्यायचं असतं, कोणाला स्मिता पाटील नक्की कशानं गेली ते, कोणाला वाटतं सुलोचनाबाई जन्मल्या तेव्हापासून आईच होत्या. म्हणून ही सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली. कोणाबद्दल जास्त लिहिलंय, कोणाबद्दल कमी, कारण काही बायकांबद्दल लिहायला बसलं की मला थांबवत नाही.

पिक्चरमध्ये काम करणारी पहिली बाई कोण?

दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ ला, पण त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके नावाचे एक पुरुष. ते मुंबईत ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात कामाला होते, फाळक्यांनी तिथेच त्यांना हेरलं. फाळक्यांनी बाई मिळावी म्हणून खूप खटपट केली, पण कॅमेऱ्यापुढे उभं राहायला कोणीच तयार होईना. पुढे 'लंकादहन' मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले म्हणजे बघा.

मग त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि कमला मोहिनी. कमला तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, चंद्रकांत गोखल्यांची आई आणि विक्रम गोखल्यांची आजी. त्यामुळे विक्रम गोखले कधीही टीव्हीवर दिसले की मला आधी ती तेरा वर्षांची मोहिनी आठवते.

चांगल्या घरातल्या बायका पिक्चरमध्ये येत नव्हत्या म्हणतात, मग दुर्गा खोटे कशा आल्या?

आधी 'चांगल्या घरातल्या' हा शब्द बाजूला ठेवूया. ज्या आधीपासून काम करत होत्या, गाणाऱ्या, तमाशातल्या, नाटकातल्या, त्यांची घरं वाईट होती असं त्यातून निघतं आणि ते मला मान्य नाही. त्यांनीच तर हा रस्ता पाडला.

दुर्गाबाई मूळच्या लाड. मुंबईत वाढलेल्या, वडील सॉलिसिटर, शिक्षण कॅथीड्रल शाळा आणि सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये. खोट्यांच्या श्रीमंत घरात लग्न झालं आणि मग ती श्रीमंती बसली, पदरात दोन लहान मुलगे. शिकवण्या वगैरे करून बघितल्या. १९३१ मध्ये 'फरेबी जाल' नावाच्या पिक्चरमध्ये छोटंसं काम मिळालं. बाकी पिक्चर कसा आहे याची त्यांना काही कल्पनाच नव्हती, आपला तेवढा तुकडा करून त्या घरी आल्या. आणि जाहिरातीत काय छापलं तर लाडांची मुलगी, खोट्यांची सून. पिक्चर वाईट निघाला आणि दोन्ही घरांची जी काय नाचक्की झाली ती त्यांनी आत्मचरित्रात काही न लपवता लिहिलीय.

दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती. पण त्याच तुकड्यावरून प्रभात फिल्म कंपनीच्या लोकांचं लक्ष गेलं आणि व्ही. शांतारामांच्या 'अयोध्येचा राजा' मध्ये त्या तारामती झाल्या, १९३२ ला, पहिला मराठी बोलपट. सोबत हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे. तो पिक्चर मराठीत आणि हिंदीत दोन्हीत केला होता, म्हणजे तेच सीन दोनदोनदा. विचार करा, तारामतीचं काम एकोणीस वर्षांपूर्वी पुरुषाला करावं लागलं होतं आणि आता ते झेवियर्समध्ये शिकलेली बाई करत होती.

पुढे त्या एका स्टुडिओच्या नोकरीत अडकून राहिल्या नाहीत. कलकत्त्याला जाऊन काम केलं, परत प्रभातमध्ये येऊन 'अमरज्योती' (१९३६) मध्ये समुद्रावरच्या चाच्यांची राणी झाल्या, सौदामिनी. तो रोल बघाच. उभं राहण्यातच इतकी जरब आहे की संवाद नसते तरी चाललं असतं. मग 'मुघल-ए-आझम' मधली जोधाबाई. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. आणि हे फार जणांना माहीत नसतं, टीव्हीवरची 'वागले की दुनिया' दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच. म्हणजे मूकपटांच्या शेवटापासून दूरदर्शनपर्यंत बाई कामात. नवराही लवकर गेले, मुलं वाढवली ती या कमाईवर.

सगळ्यांची नावं बदललेली का असतात?

दोन कारणं. एक म्हणजे पडद्याला शोभेल असं नाव हवं. दुसरं, आणि खरं, म्हणजे घरच्या आडनावाला धक्का लागू नये. हंसा वाडकर मूळच्या रतन साळगावकर. मीनाक्षी शिरोडकर लग्नाआधी रतन पेडणेकर. वनमाला म्हणजे सुशीला पवार. उषा किरण म्हणजे उषा मराठे, वसईच्या. ललिता पवार म्हणजे येवल्याची अंबिका सगुण. संध्या म्हणजे विजया देशमुख. सुलोचना हे नाव दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी दिलं, कोल्हापुरात, आणि ते इतकं चिकटलं की नुसतं 'दीदी' म्हटलं तरी इंडस्ट्रीत सगळ्यांना कळायचं.

यात मला एक गोष्ट कायम टोचते. घर चालणार मुलीच्या पैशावर, पण घराचं नाव मात्र तिनं लावायचं नाही.

त्यांना पैसे किती आणि कसे मिळायचे?

सुरुवातीला महिन्याचा पगार. प्रभात, बॉम्बे टॉकीज या सगळ्या कंपन्या कारखान्यासारख्या चालायच्या, करार करायचा, सकाळी हजर व्हायचं, शूटिंग असो नसो. बाहेर काम करायची मुभा नाही. आज आपल्याला वाटतं की स्टार म्हणजे मनाला येईल ते करणारी, पण तेव्हा तसं काही नव्हतं.

शांता आपट्यांचं सांगते. 'कुंकू' (१९३७) मुळे त्या देशभर गाजल्या. मुलीचं लग्न फसवून म्हाताऱ्याशी लावून देतात आणि ती त्याला नवरा मानायला साफ नकार देते, असा तो पिक्चर, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. म्हातारा केशवराव दात्यांनी केलाय आणि त्याची विधवा मुलगी शकुंतला परांजप्यांनी, म्हणजे सई परांजप्यांच्या आईनी. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच, घरातलेच आवाज आहेत, घड्याळाची टिकटिक, भांडी. आणि नीराच्या, म्हणजे त्या मुलीच्या, डोळ्यातला तो राग. १९३७ साली मराठी पडद्यावर बाई रडायची असते असं धरून चाललेलं असताना ही एक मुलगी सरळ समोर बघून नाही म्हणते.

तर हीच नीरा दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, कंपनीशी करारावरून वाजलं तेव्हा पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. सिनेमातली बाई, देशात नाव झालेली, स्टुडिओच्या दारात उपाशी बसलीय! १९४० मध्ये त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' असं पुस्तक लिहिलं आणि त्यात या धंद्यात कोण कोणाला कसं पिळतं ते स्पष्ट मांडलं. त्यांना भांडखोर म्हणायचे लोक. मला तर वाटतं कामाचा मोबदला आणि कामाच्या अटी यावर जाहीरपणे उभं राहणारी आपल्याकडची पहिली मोठी नटी त्याच. १९६४ मध्ये गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती.

गाणी त्या स्वतःच गायच्या का?

बोलपटाच्या पहिल्या काही वर्षांत हो, गावंच लागायचं, कारण पार्श्वगायन ही भानगड १९३५ च्या सुमारास आली. त्याआधी सेटवरच कॅमेऱ्याच्या बाहेर तबला-पेटीवाले बसलेले आणि नटी चालता चालता गातेय. गळा नसेल तर काम नाही. शांता आपटे तर मुळात गाणाऱ्याच. 'कुंकू' मध्ये त्यांनी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायलीय, ती जरूर ऐका.

'ब्रह्मचारी' मधल्या त्या पोहण्याच्या पोशाखाचं काय प्रकरण होतं?

१९३८, दिग्दर्शक मास्टर विनायक, लेखन आचार्य अत्रे, आणि मीनाक्षी शिरोडकर स्विमसूट घालून 'यमुनाजळी खेळू खेळ' गातायत. खूप गदारोळ झाला आणि खूप गर्दीही झाली. नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्यांच्या नाती. मीनाक्षीबाईंनी नंतर कितीतरी कामं केली, पण लोक त्या एका गाण्यावरच अडकतात.

'सांगत्ये ऐका' हा पिक्चर हंसा वाडकरांच्या आयुष्यावर आहे का?

नाही, हा घोळ सगळ्यांचा होतो. तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पिक्चर 'सांगत्ये ऐका' हा १९५९ चा, अनंत मान्यांचा, तमाशाप्रधान, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं एकाच थेटरात. 'बुगडी माझी सांडली गं' त्यातलंच, पण ते नाचल्यात जयश्री गडकर, हंसाबाई नाही. माझी आजी माहेरपणाला पुण्याला गेली की भावजयीबरोबर हाच पिक्चर बघायची, चार वेळा पाहिला म्हणायची, आणि हंसाबाईंचं नाव निघालं की दरवेळी आवाज खाली करून म्हणायची, "बाई फार भोगली गं." तेव्हा मला वाटायचं पिक्चरमधल्या गोष्टीबद्दल बोलतेय.

पुस्तक 'सांगत्ये ऐका' हे हंसाबाईंचं आत्मचरित्र, आपल्याच गाजलेल्या पिक्चरचं नाव घेतलेलं. आधी 'माणूस' साप्ताहिकात आलं, शब्दांकन अरुण साधूंचं, पुस्तक म्हणून १९७० मध्ये. पुढच्याच वर्षी, १९७१ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या, वय अठ्ठेचाळीस.

तिसरी गोष्ट म्हणजे श्याम बेनेगलांचा हिंदी 'भूमिका', १९७७ चा. तो या पुस्तकावरून सुचलेला.

पुस्तकाबद्दल थोडं सांगते, कारण मी कॉलेजात असताना ते पहिल्यांदा हातात आलं आणि रात्री एका बैठकीत संपवलं. बाई काही म्हणजे काही लपवत नाही. लहानपणीच घरच्या अडचणीपायी पिक्चरमध्ये घातलं, शाळा सुटली. अगदी कोवळ्या वयात लग्न. लग्न झाल्यावर त्यांना घरात राहायचं होतं, साधा संसार करायचा होता, पण नवऱ्यालाही त्यांची कमाई हवी होती. म्हणजे माहेरीही तेच, सासरीही तेच. मूल हवं असताना गमवावं लागलं, दारू, घर सोडून जाणं, मराठवाड्यातल्या एका मोठ्या घरात जाऊन पडद्यात अडकणं, तिथून सुटका. आणि हे सगळं चालू असताना पडद्यावर 'संत सखू' आणि 'लोकशाहीर रामजोशी'! सखू म्हणून लोक पाया पडायचे.

सांगण्याची पद्धत अशी की समोर बसून बोलतायत, स्वतःची बाजू सावरायची नाही, दुसऱ्याला शिव्याही द्यायच्या नाहीत. असं झालं, मग असं झालं. मराठीत इतकं सरळ आत्मकथन फार कमी आहे. माझ्याकडची पहिली प्रत एका वाचनालयाला वाचायला दिली होती, त्यांनी ती हरवली आणि वर आमच्याकडे कधी आलीच नव्हती म्हणाले. आता जी आहे ती कोणालाही देत नाही, हवं तर घरी येऊन वाचा, चहा मिळेल.

ललिता पवारांच्या डोळ्याला काय झालं होतं?

शूटिंगमधला अपघात. १९४२, 'जंग-ए-आझादी' नावाच्या पिक्चरचं शूटिंग, आणि सीन असा की मास्टर भगवान त्यांना थोबाडीत मारतात. भगवानदादांचा हात जोरात बसला. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डाव्या डोळ्याची नस फुटली. उपचार कितीतरी काळ चालले, डोळा काही पूर्वीसारखा झाला नाही.

तोपर्यंत त्या हिरॉईन होत्या हे लोकांच्या लक्षातच नसतं. मूकपटांपासून काम करत होत्या, गात होत्या, स्टंटचे पिक्चर केले होते, वय सव्वीसच्या आसपास. एका थपडेत हिरॉईनची कामं गेली. बाईंनी काय केलं तर त्या बारीक झालेल्या डोळ्यालाच कामाला लावलं. १९४४ च्या प्रभातच्या 'रामशास्त्री' मधली त्यांची 'ध चा मा' करणारी आनंदीबाई बघा. मग हिंदीतल्या सगळ्या खाष्ट सासवा. पण 'अनाडी' (१९५९) मधली मिसेस डिसा पण त्याच, वरून फणसासारखी आणि आतून गोड, त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. आणि १९८७ ला रामायणातली मंथरा आली तेव्हा आमच्या गल्लीत लहान मुलं त्यांना खरोखर घाबरायची. सत्तरी ओलांडलेल्या होत्या तेव्हा त्या.

त्या थपडेची गोष्ट सांगताना लोक भगवानदादांवर घसरतात, तसं नको. चूक मुद्दाम नव्हती. खरा प्रश्न हा की सेटवर अपघात झाला तर नटीच्या उपचाराचं, बुडालेल्या कामाचं कोण बघणार, आणि त्याला तेव्हा काहीच उत्तर नव्हतं.

सुलोचनाबाई, लीला चिटणीस या तरुण असतानाच आई कशा काय झाल्या?

कारण बाईचं पडद्यावरचं वय वेगळं मोजतात. हिशोबच बघा. लीला चिटणीसांचा जन्म १९०९, दिलीपकुमारचा १९२२. १९४८ च्या 'शहीद' मध्ये लीलाबाई दिलीपकुमारची आई. तेरा वर्षांचं अंतर! त्याच्या सात ते नऊ वर्षं आधी त्या बॉम्बे टॉकीजच्या 'कंगन', 'बंधन', 'झूला' मध्ये अशोककुमारच्या हिरॉईन होत्या, अख्खा देश वेडा झाला होता. १९४१ मध्ये लक्स साबणाची जाहिरात करणारी पहिली भारतीय नटी त्याच. आणि हिरो मात्र पुढे वीस वर्षं हिरोच राहिला.

आता 'सुजाता' घ्या, बिमल रॉय, १९५९. हा पिक्चर मी कितीही वेळा बघू शकते. बंगाली दिग्दर्शक, बंगाली गोष्ट, आणि त्यातल्या मोठ्या बायकी भूमिका मोजा. सुजाता म्हणजे नूतन, शोभना समर्थांची मुलगी. सांभाळणारी आई सुलोचना. जातपात मानणारी म्हातारी ललिता पवार. आणि लाडकी खरी मुलगी रमा म्हणजे शशिकला, सोलापूरच्या जवळकर. चौघी आपल्या! आई आणि मुलीमध्ये म्हणजे सुलोचना आणि नूतनमध्ये खरं अंतर आठ वर्षांचं. पण सुलोचनाबाईंचा तो संकोच बघा, या मुलीला जवळ घ्यायचंय आणि 'मुलगी' म्हणायचं नाही, 'मुलीसारखी' म्हणायचं, हात पुढे येतो आणि मधेच थांबतो. वयाचा विचार मनात येतच नाही.

सुलोचनाबाई मूळच्या खडकलाटच्या, चिकोडीकडच्या. कोल्हापूरला जयप्रभा स्टुडिओत भालजींकडे शिकल्या. 'वहिनींच्या बांगड्या', 'मोलकरीण', 'साधी माणसं' हे मराठीतले पिक्चर बघितले की कळतं की त्या किती मोठ्या नायिका होत्या. २०२३ च्या जूनमध्ये चौऱ्याण्णवव्या वर्षी गेल्या. महाराष्ट्रभूषण मिळाला होता त्यांना, पद्मश्रीही.

लग्न झालं की काम बंद, असंच होतं का?

बऱ्याच जणींचं तसंच झालं, सगळ्यांचं नाही. नूतनचं लग्न झालं १९५९ ला, काम कमी करायचं ठरवलं होतं, आणि मग 'बंदिनी' आला, १९६३. माझ्या मते हिंदीतलं कुठल्याही बाईचं सगळ्यात मोठं काम. पाचवं फिल्मफेअर १९७८ च्या 'मैं तुलसी तेरे आँगन की' साठी, तेव्हा चाळिशी उलटली होती. जयश्री गडकरांनी बाळ धुरींशी लग्न केलं आणि दोघं रामायणात दशरथ-कौसल्या. उषा किरण पुढे मुंबईच्या शेरीफ झाल्या. तन्वी आझमी त्यांची मुलगी.

स्मिता पाटील जीन्सवर साडी नेसून बातम्या वाचायची हे खरं का?

खरं. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, कॅमेऱ्यात वरचा भागच दिसायचा, तर जीन्सवरच साडी गुंडाळायची. पुण्याची मुलगी, वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे, राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात. टीव्हीवरच बेनेगलांनी तिला पाहिलं. 'भूमिका' केला तेव्हा बावीसही पूर्ण नव्हती आणि त्यात कोवळी पोर ते थकलेली बाई हा सगळा प्रवास करून दाखवला, राष्ट्रीय पुरस्कार. दुसरा 'चक्र' साठी.

मराठीत दोन तर बघायलाच हवेत, दोन्ही जब्बार पटेलांचे. 'जैत रे जैत' मधली ठाकर आदिवासी चिंधी, काळीसावळी, डोंगरात वाढलेली, 'मी रात टाकली' मध्ये ती चालते तशी चाल शिकवून येत नाही. आणि 'उंबरठा' (१९८२) मधली सुलभा महाजन. नवरा, मुलगी, बरं घर असताना बाहेरगावी महिलाश्रमाची नोकरी घेते. आमच्या घरी त्यावरून वाद झाले होते, काकू म्हणाली लेकरू सोडून कोण जातं, आई काही बोलली नाही. आई तेव्हा बँकेत होती आणि बदली नाकारून बसली होती. दुसऱ्या दिवशी ती एकटीच जाऊन परत तो पिक्चर बघून आली.

ती गेली कशानं?

बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीनं. मुलगा प्रतीक २८ नोव्हेंबर १९८६ ला झाला आणि ती १३ डिसेंबरला गेली. एकतीस वर्षं. 'मिर्च मसाला' नंतर प्रदर्शित झाला. तिच्या लग्नाबद्दल, भांडणांबद्दल खूप लिहिलं जातं, मी त्यात पडत नाही. मला इतकंच दिसतं की १९८६ मध्ये, मुंबईत, सगळी सोय असताना, एक बाळंतीण वाचली नाही.

रंजना अचानक दिसायची बंद का झाली?

अपघात. १९८७ मध्ये शूटिंगसाठी बेंगळुरूकडे जाताना गाडीचा अपघात झाला आणि पाय गेले. तेव्हा मराठीत रंजनाच्या तारखा मिळत नव्हत्या, 'अरे संसार संसार', 'गुपचुप गुपचुप', 'बिनकामाचा नवरा', विनोदी पण आणि रडवणारं पण, दोन्हीत तेवढीच पक्की. वत्सला देशमुखांची मुलगी, संध्याची भाची, म्हणजे घरातूनच आलेली. नंतरची वर्षं व्हीलचेअरवर गेली, २००० च्या मार्चमध्ये गेली. बत्तिशीत काम थांबलेली ही बाई आज असती तर काय काय केलं असतं, असं मला 'अरे संसार संसार' लागला की दरवेळी वाटतं.

या सगळ्यांचं म्हातारपण कसं गेलं?

एकसारखं नाही. लीला चिटणीस चार मुलगे वाढवून शेवटी अमेरिकेत कनेटिकटमध्ये एका नर्सिंग होममध्ये गेल्या, २००३. वनमाला, म्हणजे 'श्यामची आई' मधली आई, ज्या पिक्चरला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, त्यांनी सिनेमा सोडून अध्यात्माचा मार्ग धरला, वृंदावनात राहिल्या, २००७ मध्ये ग्वाल्हेरला गेल्या. शशिकला मधली काही वर्षं कलकत्त्याला मदर तेरेसांकडे सेवा करून परत कामाला लागल्या. दुर्गा खोटे शेवटी अलिबागला होत्या, १९९१ मध्ये गेल्या. आणि ज्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत, मागे नाचणाऱ्या, मैत्रिणीचं एक वाक्य असणाऱ्या, त्यांचं काय झालं ते कुठे लिहिलेलं सापडत नाही. शासनाचं वृद्ध कलावंतांसाठी मानधन आहे, तुमच्या ओळखीत अशी कोणी आजी असेल तर तिचे कागद करून द्या, जुने फोटो, करार, पोस्टरवरचं नाव, जे असेल ते जपून ठेवा.

सुरुवात कुठून करू? काय वाचू, काय बघू?

वाचायला 'मी, दुर्गा खोटे' आणि 'सांगत्ये ऐका' या दोन्ही पाठोपाठ. एक शिकलेल्या घरातली, एक शाळा सुटलेली, आणि दोघींनाही कमवायला बाहेर पडावं लागलेलं. मग लीलाबाईंचं 'चंदेरी दुनियेत', स्नेहप्रभा प्रधानांचं 'स्नेहांकिता', उषा किरणांचं 'उषःकाल'. जुन्या पुस्तकांच्या दुकानात विचारा, अप्पा बळवंत चौकात मला दोन तिथेच मिळाली.

बघायला 'कुंकू' पहिला. मूकपट बहुतेक नष्टच झाले, शिवाय २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली त्यात जुन्या नायट्रेट फिल्मचं मोठं नुकसान झालं, म्हणून जे उरलंय ते बघून घ्या. पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अर्काइव्ह आहे, तिथल्या खेळांवर लक्ष ठेवा. आणि तिथून जवळच प्रभातचा जुना स्टुडिओ, म्हणजे आत्ताची फिल्म इन्स्टिट्यूट, तिच्या फाटकापाशी जरा उभं राहा. शांता आपटे बसल्या होत्या ते तिथेच.